भरतीची पोरे आणि दारचा कुत्रा

हिवाळा लागला की येलदरीच्या रस्त्यावर भल्या पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतात आणि त्यांच्यासोबत घरचे कुत्रेही. पोरगा आधी हातपाय झटकतो, जागच्या जागी उड्या मारतो आणि मगच 1600 मीटरला सुटतो. कुत्रा मात्र रात्रभर साखळीला गारठलेला असतो आणि साखळी सुटताच तो बाणासारखा निघतो. त्याचे अंग कोणी गरम करायचे?

परभणीची थंडी साधी नाही. डिसेंबर 2018 च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांवर उतरला होता. येलदरीला त्यात पूर्णेच्या जलाशयावरचा वारा. आपल्या मराठवाड्याचा कारवानी कुत्रा धावण्यात अव्वल, पण केस आखूड आणि अंगावर चरबी नाही. थंडी त्याला लवकर लागते.

काहीजण म्हणतात, कुत्र्याचे अंग माणसापेक्षा गरमच असते. खरे आहे, 101 ते 102.5 फॅरनहाइट. पण ती उष्णता पोटातली. ती जपायला शरीर थंडीत रक्त आत ओढून घेते आणि पायांच्या वाट्याला कमी येते. अशा आखडलेल्या स्नायूला एकदम हिसका बसला की आतले तंतू तुटतात. मग जनावर आठवडेच्या आठवडे लंगडते, शेळ्यांची राखण बंद आणि डॉक्टरकडे न्यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडाली!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. सोडण्याआधी पाच-दहा मिनिटे दोरी धरून चालवा. आधी सावकाश, मग दुडक्या चालीने. शेवटी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दोन्ही बाजूंनी वळवा, म्हणजे कंबर आणि खांदे मोकळे होतात. गार पाय हाताने ओढून ताणू नका. म्हाताऱ्या कुत्र्याला जास्त वेळ द्या. भाकरी धावून आल्यावर, तीही दम खाल्ल्यानंतर. परत आल्यावर लगेच बांधू नका, थोडे चालवा. रात्री खाली जुने पोते टाका, त्याला पैसे पडत नाहीत. (सशामागे सोडण्याचा नाद मात्र नको. 1972 च्या कायद्याने ती शिकार ठरते.)

पाय उचलून धरत असेल तर पळवणे त्याच दिवशी थांबवा. घरातली अंगदुखीची गोळी अजिबात देऊ नका. माणसाच्या अशा गोळ्यांनी कुत्र्याचे पोट आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते.