वैद्याने विचारावयाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी हे गाव आहे. तेथील आत्माराम गावंडे अमेरिकेत जाऊन मूत्ररोगतज्ज्ञ शल्यविशारद झाले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या मज्जारज्जूत गाठ निघाली. पत्नी बालरोगतज्ज्ञ, पुत्र अतुल गावंडे बोस्टनचे नामांकित शल्यचिकित्सक. तरीही काय करावे हे घरात कोणालाच उमगेना. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बीइंग मॉर्टल’ या ग्रंथात पुत्राने हे सारे प्रांजळपणे लिहिले आहे.

दोन शल्यविशारदांचा सल्ला घेतला गेला. एकाने तातडीची शस्त्रक्रिया सुचविली. रुग्णाचे प्रश्न त्याला नकोसे झाले. दुसऱ्याने प्रश्न ऐकून घेतले, रुग्णाला भीती कशाची वाटते हे जाणून घेतले आणि तूर्त थांबता येईल असे सांगितले. आत्मारामांनी दुसऱ्यावर विश्वास टाकला. पुढे शस्त्रक्रिया अटळ झाली, तेव्हा पुत्राने तो अवघड प्रश्न वडिलांना विचारलाच : कोणत्या अवस्थेतले जगणे त्यांना नको आहे? हातपाय लुळे पडून सर्वस्वी परावलंबी होणे नको, हे उत्तर मिळाले. शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना प्रकृती ढासळली, थांबावे की पुढे जावे अशी विचारणा झाली; त्या क्षणी निर्णयाला आधार मिळाला तो या उत्तराचाच. २०११ साली आत्मारामांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांची शुश्रूषा घरीच झाली.

औषधाने जीवन संपविण्याच्या मार्गाला डॉ. गावंडे सरसकट विरोध करीत नाहीत. मात्र नेदरलँड्समध्ये तो मार्ग पत्करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, हे त्यांना यशाचे लक्षण वाटत नाही.

जैन वाचकाला येथे सल्लेखना आठवणे स्वाभाविक आहे. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली, ती दृष्टी क्षीण होऊन ईर्यासमितीचे पालन होईना म्हणून. काय राखावयाचे आहे, हे त्यांना स्पष्ट ठाऊक होते. मरणाची ओढ तेथे नव्हती; तत्त्वार्थसूत्राने जगण्याच्या आशेप्रमाणे मरणाच्या आशेलाही अतिचारच मानले आहे. म्हणूनच बेशुद्ध रुग्णाच्या नळ्या काढताना ‘संथारा दिला’ असे कोणी म्हणते, तेव्हा शब्दाचा अपप्रयोग होतो. व्रत ज्याचे त्याने, जाणिवेने घ्यावयाचे असते. मुलाची संमती म्हणजे पित्याचे प्रत्याख्यान नव्हे. निष्फळ उपचार थांबविणे योग्य असू शकते. त्यासाठी धर्माचे नाव उसने घेण्याचे कारण नाही.

कायद्याने याबाबत वाट दाखविली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार सज्ञान व्यक्तीला आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते. २०२३ साली ही पद्धत सुलभ झाली : दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर स्वाक्षरी आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या आप्ताचे नाव. प्राण घेणारे इंजेक्शन देण्याची मुभा यात मुळीच नाही. आहे ती व्यर्थ उपचार नाकारण्याची.

मुदतठेवीवर नामनिर्देशन झाले की नाही, याची चौकशी घरोघरी होते. या कागदावर नाव कोणाचे घालावे याची बोलणी मात्र बहुधा अतिदक्षता विभागाच्या दाराशी सुरू होतात. तेव्हा सांगू शकणारा आत असतो आणि विचारणारे बाहेर.