छपाईची रांग दिसली पाहिजे

काही महिन्यांपूर्वी एका पुस्तिकेची चाळीस पृष्ठांची मुद्रिते तपासावयाची म्हणून मी संगणकास छपाईची आज्ञा दिली. प्रिंटर स्तब्ध राहिला. मी पुन्हा बटण दाबले, आणि काहीच घडेना म्हणून तिसऱ्यांदा दाबले. थोड्या वेळाने कोणी तरी कागदाचा खण नीट बसविला, तेव्हा यंत्राने एकशेवीस पृष्ठे छापून काढली. यंत्राचा येथे काही दोष नव्हता. एकच काम मी तीन वेळा रांगेत उभे केले होते, आणि अशी रांग असते हेच मला ठाऊक नव्हते.

माझे मत असे की, जो संगणकावरून कागद छापतो त्यास ही रांग पाहता व आवरता आली पाहिजे. आणि त्याचे सर्वांत सरळ साधन म्हणजे टर्मिनलमध्ये टंकावयाच्या चार आज्ञा होत.

लिनक्स व मॅक या प्रणालींत छपाईचा कारभार बहुधा ‘कप्स’ नावाची व्यवस्था पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिच्या निर्मितीस आरंभ केला व १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आपण धाडलेली फाइल थेट यंत्राकडे जात नाही. टपालकचेरीत नोंदणीच्या पत्रास पावती मिळते, तसा तिला क्रमांक मिळतो, आणि पाळी आल्यावर ती छापली जाते.

आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथे त्यांचे उच्चार देतो. ‘एलपी’ व पुढे फाइलचे नाव लिहिले की काम रांगेत लागते व त्याचा क्रमांक कळतो. ‘एलपीस्टॅट’ लिहिले की आपली खोळंबलेली कामे दिसतात. ‘एलपीस्टॅट -पी’ने प्रिंटर चालू आहे की थांबविलेला, हे समजते. ‘कॅन्सल’ व पुढे कामाचा क्रमांक लिहिला की ते काम रद्द होते. मात्र जी पृष्ठे यंत्राच्या स्मृतीत आधीच पोहोचली असतील, ती छापली जाण्याचा संभव राहतो. मराठी मजकूर पीडीएफ करून पाठवावा हे बरे. त्यात टंक बरोबर जात असल्याने जोडाक्षरे मोडत नाहीत.

‘पडद्यावरील खिडकीतही रांग दिसते, मग आज्ञा कशासाठी?’ असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. परंतु खिडक्यांची मांडणी आवृत्तीगणिक पालटते, आणि कोणते बटण कोठे आहे हे दूरध्वनीवरून सांगणे कठीण. आज्ञा मात्र वहीत उतरवून घेता येते, दूरच्या माणसाकडून ऐकून टंकता येते आणि दुसऱ्या गावच्या संगणकावरही चालविता येते. जेथे तंत्रज्ञ हाताशी नाही, तेथे हा लाभ लहान नव्हे.

या प्रश्नास एक जुना इतिहासही आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना उमटावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरसाठी केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला, पण त्याची मूळ आज्ञावली त्यांस मिळेना. म्हणून ती सोय पुन्हा करता येईना. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प घोषित केला, त्यामागील प्रेरणांमध्ये हा अनुभव ते स्वतः सांगतात. यंत्र काय करीत आहे हे जाणण्याचा वापरणाऱ्याचा अधिकार त्यांनी मोलाचा मानला.

आज आपल्याजवळ ती आज्ञावली खुली आहे, आणि रांग पाहावयास कोणाची अनुज्ञा बहुधा लागत नाही. केरळातील सरकारी शाळांत तर लिनक्सवरच संगणक शिकविला जातो. अशा प्रत्येक शाळेत एक तास या विषयास द्यावा, आणि प्रत्येक कार्यालयात प्रिंटरशेजारी या चार आज्ञांचा कागद चिकटवावा, अशी माझी सूचना आहे. माझ्या मेजाजवळ तो आता आहे. यंत्र थांबले की मी बटणाकडे वळण्यापूर्वी त्याकडे पाहतो.