उंबरठ्यापलीकडे : सही कुणाची, कारभार कुणाचा?

मैत्रिणींनो, दुपारची झाकपाक झाली की आमच्या नांदेडच्या गल्लीत तासभर कसं निवांत असतं. वाती वळाव्यात, गहू निवडावेत, अन् जोडीला गप्पा. मागच्या निवडणुकीच्या वेळची गोष्ट. अशाच एका दुपारी आमच्या समोरच्या वहिनी आल्या त्या हातात कागद घेऊन. चेहरा उतरलेला.

"काकू, हे बघा हो. ह्यांनी सही करून ठेव म्हणून सांगितलंय."

पाहिलं, तर एका पक्षाकडे उमेदवारी मागण्याचा अर्ज! आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली होती. आदल्या रात्री चार माणसं त्यांच्या घरी चहा पिऊन गेली. "वहिनींचं नाव द्या, बाकीचं आपण बघू," असं ती म्हणाली आणि भाऊजींनी मान डोलावली. वहिनी तेव्हा आत चहा गाळत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही.

मी म्हटलं, "मग नाही म्हणून सांगा. त्यात काय एवढं?"

"तसं नाही काकू. उभं तर मला राहायचंच आहे. पण असं नाही."

आता मात्र मी सूप बाजूला ठेवलं.

वहिनींचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळच. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आपण मराठवाड्यातल्या बायका कशा विसरू? आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, माणसं दमून गाढ झोपलेली, आणि चार वाजायच्या सुमारास धरणी हलली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. ते तसंच खाली आलं. आठ हजारांच्या घरात माणसं गेली. लातूर-उस्मानाबादेतली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. वहिनी तेव्हा बारा वर्षांच्या. त्यांचं घर उभं राहिलं, पण भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा. किल्लारीत दिलेली त्यांची मावशी मात्र गेली.

जी घरं पडली नव्हती, पण खिळखिळी झाली होती, ती दुरुस्त करून बळकट करायची होती. अशी घरं थोडीथोडकी नव्हेत, तेराशेच्या वर गावांत पसरलेली. पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे आणि काम घरच्यांनीच करून घ्यायचं. आता इंजिनिअर काय सांगतो ते गावाला कळायचं कसं? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. वहिनींची आई त्यांतली एक.

"आमची माय कधी वेशीबाहेर एकटी गेली नव्हती," वहिनी सांगू लागल्या. "पण ती सिमेंटची पोती मोजायला शिकली. कोपऱ्यात सळई घातली का, भिंतीवर पाणी मारलं का, हे घरोघरी जाऊन बघायची. गवंडी चिडायचा. पण आजीनं नाव ठेवलं नाही, कारण घरातली मावशी भिंतीखाली गेली होती. बँकेत गेली तेव्हा अंगठ्याऐवजी पहिली सही केली मायनं. घरी येऊन आम्हाला चारदा करून दाखवली!"

योगायोग बघा. ७३ वी घटनादुरुस्ती त्याच वर्षी २४ एप्रिलला आणि शहरांसाठीची ७४ वी १ जूनला लागू झाली होती. गावच्या आणि शहराच्या कारभारात बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. आपल्या राज्यात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. भूकंपाच्या कामातून धीट झालेल्या कितीतरी जणी पुढे ग्रामपंचायतीत गेल्या. २००१ साली भुजला भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातेतल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. ज्यांनी कधी तालुका पाहिला नव्हता, त्या!

"म्हणून म्हणते काकू," वहिनी म्हणाल्या, "मायनं जी सही कमावली, ती मी दुसऱ्याच्या कारभारासाठी द्यायची का?"

मला उत्तर सुचलं नाही.

मग त्यांनी आपली वही दाखवली. घरखर्चाचीच वही, पण मागच्या पानांवर नळाला पाणी कोणत्या दिवशी आलं, किती वाजता, किती वेळ, गढूळ की स्वच्छ, सारं दोन वर्षांचं टिपलेलं. गोदावरीच्या काठी राहून आपण हंडे घेऊन रात्री जागतो, हे त्यांना सलत होतं. त्यांची धाकटी बहीण लातूरला दिली आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात बहिणीची मुलं इथं राहायला होती. पाणी भरते बाई, पण पाण्याचं ठरवतो कोण, हा त्यांचा प्रश्न.

रात्री वहिनींनी भाऊजींना शांतपणे तीन अटी सांगितल्या. सभेला मी स्वतः जाणार. कागद वाचल्याशिवाय सही नाही. आणि निवडून आले तर फोन मीच उचलणार. भाऊजी दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. त्या चार माणसांना अटी कळल्या आणि ती पुन्हा फिरकलीच नाहीत!

वहिनी अपक्ष उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी भाऊजीच पत्रकं वाटायला निघाले. वहिनी पडल्या, पण अनामत वाचली. आज गल्लीत पाणी आलं नाही की बायका आधी त्यांच्याकडे जातात, कारण वही त्यांच्याकडे आहे. यापुढेही उभं राहायचं त्यांनी पक्कं केलं आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल, तर चार गोष्टी आधी बघून घ्या. वय २१ पूर्ण हवं. त्याच शहराच्या मतदारयादीत नाव हवं. लग्नानंतरचं नाव आणि कागदांवरचं नाव जुळतं का, तेही तपासा. पालिकेच्या कराची थकबाकी नको. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल, तर अर्ज टिकत नाही. राखीव जागा असेल तर जातीचे कागद आधीच काढून ठेवा. आणि प्रचाराचा खर्च रोजच्या रोज लिहा. तो हिशेब पुढे द्यावाच लागतो. पै-पैचा हिशेब ठेवणं आपल्याला काही नवं नाही.

आणि हो, घरातल्यांशी बोलणं अर्ज भरण्याआधीच करा. कोण स्वयंपाक बघेल, मुलांचं कोण करील, हेही ठरवून टाका. घरच्यांची साथ जरूर घ्यावी. मात्र सभेतली खुर्ची आपलीच असावी.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर तिची हकिकत मला जरूर कळवा. आता उठते. नळाला पाणी आलंय, आणि वहिनी वहीत वेळ टिपून मला हाक मारताहेत.