छतावरचा सूर्य आणि आतली तार

14 जुलै 2017 रोजी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावर तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते एका डेमू गाडीचे लोकार्पण झाले. तिच्या डब्यांच्या छतावर सौर पॅनेल होती; एकेका डब्यावर 16. ‘सूर्यावर धावणारी रेल्वे’ असा गाजावाजा झाला. वस्तुतः गाडी ओढीत होते डिझेलचे इंजिनच; सूर्याकडे दिवे आणि पंखे यांचे काम होते. कोकणच्या या सुपुत्राने आरंभिलेल्या उपक्रमाचे मोल त्यामुळे तिळमात्र उणे होत नाही. उलट, वाहनावरील सूर्याची खरी जागा तेथेच आहे.

हिशेब साधा आहे. मोटारीच्या छतावर फार तर 400 वॉटचे पॅनेल मावते. लख्ख उन्हाच्या दिवशी त्यातून दीड युनिट वीज मिळाली, तरी विजेवरची मोटार तेवढ्यात जेमतेम दहा किलोमीटर जाईल. परंतु तेवढ्याच विजेवर फिरत्या दवाखान्यातील दिवे, पंखा आणि लस ठेवण्याची शीतपेटी दिवसभर चालू शकते.

असाच एक दवाखाना गेल्या वर्षी पाहण्याचा योग आला. छतावर 300 वॉटची पॅनेल, बाजूला देणगीदारांच्या नावाची ठसठशीत पाटी. आणि गाडी उभी असूनही इंजिन सुरूच! चालकाला कारण विचारले. तो म्हणाला, “काका, इंजिन बंद केलं की तासाभरात पेटी कोमट होते.” लसीला तर 2 ते 8 अंश सेल्सिअसच लागतात.

दोष सूर्याचा नव्हता. 12 व्होल्टवर 300 वॉट म्हणजे 25 अँपिअरचा प्रवाह. त्यासाठी घरातील जोडणीला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची तार ओढलेली. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत येताना सुमारे पावणेदोन व्होल्ट वाटेतच गळत होते. बॅटरी भरणार कशी? सोळा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली असती, तर गळती पाव व्होल्टच्या आसपास राहिली असती. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूजही नव्हता. धावत्या गाडीत तार पत्र्यावर घासते, तिचे आवरण सोलवटते आणि मग आग लागावयास ठिणगी पुरते. ज्या गाडीत रुग्ण झोपतो, तेथे ही हयगय अक्षम्य आहे.

पॅनेल पत्र्याला थेट चिकटवलेली होती. खाली दोन-तीन बोटे मोकळी जागा सोडली, तर वारा खेळतो. कारण पॅनेल तापले की त्याची वीज घटते. तारा आत घेण्याच्या छिद्रातून पावसाचे पाणीही झिरपत असे. शिवाय गाडी उभी राहणार वडाखाली, कारण रुग्णांना सावली हवी! पॅनेलमधील घटक एकामागोमाग जोडलेले असतात. एका कोपऱ्यावरील सावलीही बरीच वीज खाते. उन्हात मांडता येईल असे एक सुटे पॅनेल आणि लांब, जाड तार सोबत असती, तर ही अडचण टळली असती.

आपल्याकडे सेवाकार्यास देणग्यांची वाण नाही. परंतु पॅनेल रस्त्यावरून दिसते, तार दिसत नाही. म्हणून काटकसर तारेतच होते. तार, फ्यूज, चार्ज कंट्रोलर आणि कुशल तंत्रज्ञाची मजुरी यांची तरतूद देणगीपत्रातच स्वतंत्रपणे व्हावी. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विश्वस्तांनी एक संपूर्ण दिवस इंजिन बंद ठेवून शीतपेटी चालवावी आणि सायंकाळी तिच्यातील तापमापक स्वतः पाहावा. पाटी त्यानंतर रंगवावी.