रिम पाहून टायर घ्यावा

आपल्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर दुपारी घटकाभर उभे राहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. काळ्या, उंच, मागे कॅरियर असलेल्या सायकली कमी झाल्या असून बारीक चाकांच्या आणि खाली वाकलेल्या हँडलच्या शर्यतीच्या सायकली बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा कुणीतरी वापरून विकलेल्या असतात. आपले रस्ते कसे आहेत, हे मी सांगायला नको. मग मालक काही दिवसांतच बारीक टायर काढून रुंद टायर चढवतो. ‘हा बसेल का?’ असे कुणी विचारले, तर उत्तर ठरलेले असते, ‘बसतो ना, मग झाले!’

या ‘मग झाले’विरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. कारण हे उत्तर एकदा मी स्वतः दिले होते आणि त्याची किंमत माझ्या धाकट्या चुलतभावाला मोजावी लागली.

मी मूळचा सौंसरचा. मध्य प्रदेशातील हा तालुका पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता. 2023 साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्यात आला. आमच्याकडे कचेरीत हिंदी आणि घरात मराठी चालते, त्यामुळे मराठीशेजारी कानडी पाने असलेले हे नियतकालिक मला पहिल्या दिवसापासून घरचे वाटले. आमचा मुलूख संत्र्याचा. गावाबाहेर पडले, की डांबरी सडक संपून बागांकडे जाणाऱ्या पांदणी लागतात. तिथे दगड आहेत, गाडीची चाकोरी आहे आणि बाभळीचे काटे तर विचारूच नका.

चुलतभावाने नागपुरातून शर्यतीची एक जुनी सायकल आणली होती. तिचे टायर 23 मिलिमीटरचे. सडकेवर ती वाऱ्यासारखी जाई, पण पांदणीत दर दोन दिवसांनी पंक्चर. दिवाळीच्या सुटीत मी घरी गेलो, तेव्हा तो माझ्याकडे आला. मी बी. एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेले, म्हणून असल्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा! मी त्याला 35 मिलिमीटरचे टायर घ्यायला लावले. सायकल दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी टायर हातात घेऊन म्हटलेही, “भाऊ, रिम बारीक हाये. बसन तं खरं, पण थांबन नाही.” मी म्हणालो, “बसते न, मंग झालं!”

टायर बसला. ब्रेकला घासत होता, म्हणून ब्रेक ढिले केले. हवा जुन्या टायरला भरत होतो तितकीच, 80 पौंड भरली. दोन दिवसांनी ब्रेक दाबला की तो एका जागी अडकू लागला, म्हणून मी हवा निम्म्याहून अधिक सोडली. भाऊ म्हणाला, “दादा, चाक वळते कमी अन् डुलते जास्त.” मी हसण्यावारी नेले. तिसऱ्या दिवशी सडकेवरून पांदणीत वळताना पुढचा टायर रिमवरून सुटला, ट्यूब फुटली आणि तो आडवा झाला. हासळीचे हाड मोडले. ऐन आंबिया बहाराच्या तोडणीत घरातला एक कर्ता माणूस दीड महिना हात गळ्यात बांधून बसला.

दोष सायकलीचा नव्हता, टायरचा नव्हता आणि दुरुस्तीवाल्या भाऊंचा तर मुळीच नव्हता. दोष मोजमाप न करता बोलणाऱ्याचा होता.

नंतर मी व्हर्नियर कॅलिपरने रिम मोजली. दोन्ही काठांमधील आतली रुंदी भरली 13 मिलिमीटर. रूढ हिशेब असा, की टायरची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावी. काही कारखाने याहून सैल मर्यादा देतात, आणि तसे असेल तर त्यांचाच तक्ता प्रमाण मानावा. पण 13च्या रिमवर 35चा टायर म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट! असा टायर वर फुगतो आणि खाली बुडाशी आवळला जातो. विजेच्या दिव्यासारखा त्याचा आकार होतो. वळताना त्याला बाजूने आधार उरत नाही. हवा कमी असली, की तो आडवा लोळतो आणि कडेची तार रिममधून निसटू शकते.

मग हवा कडक ठेवली तर? तिथे दुसरे संकट. नळीच्या भिंतीतील ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, हे आपण पाठ करतो. 23च्या जागी 35चा टायर आला म्हणजे त्रिज्या दीडपट झाली. दाब तोच ठेवला तर ताणही दीडपट. हा ताण रिमच्या काठांना बाहेर रेटतो. जुन्या रिमचे काठ ब्रेकच्या रबराने आधीच झिजलेले असतात. ते फाकतात, आणि अखेरीस फुटूही शकतात. आमचा ब्रेक अडकत होता, तो याचाच इशारा होता. म्हणजे बारीक रिमवरचा फार रुंद टायर दोन्हींकडून कोंडीत सापडतो: हवा भरावी तर रिम जाते, सोडावी तर टायर जातो.

रुंद टायर वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. उलट खडबडीत रस्त्यावर कमी हवेचा रुंद टायरच चांगला. तो धक्के गिळतो, आणि चाक उसळण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचा टायर 28 × 1½ म्हणजे सुमारे 40 मिलिमीटरचाच असे, पण त्याच्याखाली रिमही तशीच रुंद असे. पॅरिस–रुबे या दगडी रस्त्यांवरील शर्यतीत आता 30 मिलिमीटरहून रुंद टायर वापरतात. त्या सायकलींच्या रिमाही रुंद झाल्या आहेत.

येथे आणखी एक फसगत सांगून ठेवतो. ‘28 इंची’ हा शब्द ऐकून टायर घेऊ नये. काळ्या सायकलीच्या टायरवर 40–635 असे आकडे असतात, शर्यतीच्या सायकलीवर 622. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर टायर ज्या जागी बसतो तेथील व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 26 इंचीतही 559 आणि 590 असे निरनिराळे व्यास आहेत. व्यासात तडजोड नाही. रुंदीत थोडी मुभा आहे, पण ती रिम ठरवते.

आमच्या गावावरून नागपूर–छिंदवाडा ही छोटी रेल्वे जात असे. तिच्या रुळांतील अंतर 762 मिलिमीटर होते. 2015च्या अखेरीस ती बंद झाली आणि 1676 मिलिमीटरची मोठी लाइन आली. मोठे डबे हवेत, म्हणून ते कुणी जुन्या रुळांवर चढवले नाहीत. आधी रूळ बदलले, पूल बदलले. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणारा लोहारही आधी चाक मोजतो, मगच लोखंड तापवतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्याला तोंडपाठ आहे. ती सायकलीला लावायला काय हरकत आहे?

म्हणून दोन सूचना करतो. विद्यार्थी मित्रांनी टायर घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: रिमची आतली रुंदी, टायरवरचे आकडे, आणि ब्रेक व चिमटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा. फारच रुंद टायर हवा असेल, तर पैसे साठवून आधी रिम बदलावी. आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती, की व्हर्नियरचा एक प्रयोग वर्षातून एकदा सायकल-स्टँडवर घ्यावा. पितळी गोळ्याचा व्यास आम्ही कितीदा तरी मोजला आहे; ज्या चाकावर रोज जीव सोपवतो, ते कधी मोजलेले नाही.

भाऊचा हात आता बरा आहे. त्याच्या चाकांना मी रुंद रिमा बसवून दिल्या, ब्रेकही त्यांना जुळणारे घेतले. टायर तेच 35चे आहेत आणि पांदणीत उत्तम चालतात. भाऊंच्या दुकानात जाऊन मी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “शिकलेला माणूस मोजून बोलते, असं आमी समजत होतो.”