शिक्षकांनी आधी लिहावे

मे महिन्याची सुट्टी लागली, की शिक्षकांच्या प्रशिक्षणांची वेळापत्रके निघतात. तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेच्या सभागृहात पडद्यावर सादरीकरण चालते, सकाळ-दुपार हजेरी होते, शेवटच्या दिवशी अहवाल लिहून दिला जातो. अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापन, नवी पाठ्यपुस्तके असे विषय असतात. मुलांचे लेखन हा विषय त्यात आलाच, तर बहुधा एका तासिकेत आटोपतो. निबंधाचे प्रकार, पत्राचा आराखडा, गुणदानाची पद्धत हे सांगितले जाते आणि शिक्षक ते टिपून घेतात. सगळ्यात गरजेची गोष्ट मात्र त्या तासिकेत सहसा घडत नाही. शिक्षकाच्या हाती कोरा कागद देऊन ‘आता तुम्ही लिहा’ असे कोणी म्हणत नाही.

तबल्याचे गुरुजी शिष्याला बोल नुसते सांगत नाहीत, स्वतः वाजवून दाखवतात. लेखन शिकवणाऱ्याकडून मात्र आपण ही अपेक्षा ठेवत नाही. वर्षानुवर्षे एकही पान स्वतःच्या मनाने न लिहिलेली व्यक्ती मुलांना चाळीस मिनिटांत निबंध लिहायला सांगते, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. हा दोष त्या शिक्षकाचा नाही. त्याच्या स्वतःच्या शालेय जीवनात, मग डी.एड. किंवा बी.एड.ला आणि पुढे नोकरीतल्या प्रशिक्षणांतही त्याला कोणी लिहिते केलेच नाही. लेखन शिकवणाऱ्यांचे उन्हाळी प्रशिक्षण शिक्षकांच्या लेखनापासूनच सुरू व्हावे आणि अनुभवी शिक्षकांनीच ते चालवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत नेमके हेच करून पाहिले गेले. तो प्रयोग आजही चालू आहे आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा नाही, म्हणून तो थोडा तपशिलाने सांगायला हवा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात राज्यातील निवडक हुशार विद्यार्थ्यांनाच प्रवेश मिळतो. तरीही 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिल्या वर्षाला येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना इंग्रजी लेखनाचा पूरक वर्ग करावा लागत होता. विद्यापीठ शाळांना नावे ठेवत होते, शाळा विद्यापीठाला. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात काम करणारे जेम्स ग्रे पूर्वी स्वतः हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत असत. प्राध्यापकांनी शिक्षकांना व्याख्याने देऊन काही साधत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. परिसरातल्या शाळांमध्ये लेखन चांगले शिकवणारे शिक्षक आहेत, पण त्यांचे कसब त्यांच्या वर्गाबाहेर जात नाही, हेही त्यांना ठाऊक होते. 1974च्या उन्हाळ्यात त्यांनी अशा शिक्षकांना काही आठवड्यांसाठी विद्यापीठात बोलावले. ‘बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट’ असे त्या उपक्रमाला नाव पडले.

त्या उन्हाळी वर्गाची घडण साधी होती आणि आजही ती मोठ्या प्रमाणात तशीच आहे. दिवसातला एक भाग प्रात्यक्षिकाचा असतो. एक शिक्षिका आपल्या वर्गात हमखास रंगणारा पाठ सहकाऱ्यांसमोर घेते आणि सहकारी त्या वेळेपुरते विद्यार्थी होतात. ती सांगेल ते ते लिहितात, अडखळतात, खोडतात. मग चर्चा होते. हा पाठ का चालतो? कोणत्या मुलाला तो अवघड जाईल? दुसऱ्या इयत्तेत न्यायचा तर काय बदलावे लागेल? दुसरा भाग शिक्षकांच्या स्वतःच्या लेखनाचा. चार-पाच जणांचे गट बसतात, प्रत्येक जण आपला खर्डा वाचतो, ऐकणारे प्रश्न विचारतात आणि लिहिणारा पुन्हा लिहितो. आठवणी, प्रवासवर्णने, आपल्या शाळेविषयीचे लेख, कोणाच्या कविता असे बरेच काही त्यातून निघते. तिसरा भाग लेखनविषयक संशोधन वाचण्याचा.

या तीन भागांपैकी मधला भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. आपला अर्धाकच्चा मजकूर दुसऱ्याला वाचून दाखवताना पोटात येणारा गोळा ज्या शिक्षकाने अनुभवला, तो नंतर मुलाच्या वहीवर लाल रेघ ओढताना थबकतो. चांगले वाक्य पहिल्या फटक्यात सुचत नाही, विषय लिहिता लिहिताच उलगडतो, कधी शेवटी लिहिलेला परिच्छेद उचलून आरंभी ठेवावा लागतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. जेनेट एमिग यांनी 1971 साली बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना लिहिताना मोठ्याने विचार करायला लावून त्यांच्या लेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हीच गोष्ट पुढे आली होती. मुले प्रत्यक्षात लिहितात तो मार्ग आणि पाठ्यपुस्तक सांगते तो मार्ग यांत मोठे अंतर होते.

एक उदाहरण घेऊ. सातवीतल्या मुलीने ‘माझी आई’ या विषयावर लिहिले आहे : ‘माझी आई खूप प्रेमळ आहे. ती खूप कष्ट करते. ती पहाटे लवकर उठते. मला माझी आई खूप आवडते.’ वहीत याखाली काय येते ते आपल्याला माहीत आहे. एक-दोन ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त्या, ‘अक्षर सुधार’, तारीख आणि सही. स्वतः लिहिणारा शिक्षक इथे वेगळे काही करील. तो मुलीला जवळ बोलावून विचारील, ‘कष्ट करते म्हणजे काय करते गं? काल काय केलं?’ मुलगी सांगते, ‘काल कांदे लावायला गेली होती. संध्याकाळी आल्यावर तिला वाकता येत नव्हतं, म्हणून भांडी मी घासली.’ शिक्षकाने एवढेच म्हणायचे, ‘मग हेच लिही की!’ दुसऱ्या खर्ड्यात ती आई त्या मुलीचीच आई होते, गाईडातली राहत नाही. ऱ्हस्वदीर्घाचे काम त्यानंतर. मुलीला आता ते पान नीट व्हावेसे वाटत असते, त्यामुळे ती दुरुस्त्याही मनापासून करते. हा दोन मिनिटांचा संवाद कोणत्याही परिपत्रकाने शिकवता येणार नाही. आपल्या खर्ड्याला असा प्रश्न कोणीतरी विचारलेला असावा लागतो.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 साली मांडला. आधी आखणी करणे, मग लिहिणे आणि लिहिलेले सुधारणे यांच्या रीती मुलांना उघडपणे शिकवल्या की लेखन सर्वाधिक सुधारते, असे त्यात दिसले. लेखनापासून तोडून नुसते शिकवलेले व्याकरण मात्र लेखनाला उपकारक ठरले नाही, त्याचा परिणाम उलटाच निघाला. याचा अर्थ व्याकरण सोडून द्यावे असा नाही. ते मुलाच्या स्वतःच्या वाक्यात शिकवावे, असा आहे.

बर्कलीचा उपक्रम काही वर्षांत ‘नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट’ म्हणून देशभर पसरला. गावोगावच्या विद्यापीठांत त्याची केंद्रे झाली आणि उन्हाळी वर्गातून बाहेर पडलेले शिक्षक वर्षभर आसपासच्या शाळांतील सहकाऱ्यांना शिकवू लागले. 1991पासून त्याला केंद्र सरकारचा थेट निधी मिळत होता. 2011 साली तो बंद झाला, तरी हे जाळे तुटले नाही, कारण ते शिक्षकांच्या आपापसातल्या नात्यांवर उभे होते. पुढे याच प्रकल्पाचा एक कार्यक्रम 10 राज्यांतल्या ग्रामीण भागातील 44 शालेय जिल्ह्यांत तपासण्यात आला. निम्म्या जिल्ह्यांत सातवी ते दहावीच्या शिक्षकांना दोन वर्षे प्रशिक्षण मिळाले, उरलेल्यांत नेहमीसारखे काम चालले. प्रशिक्षण मिळालेल्या जिल्ह्यांतील मुलांचे युक्तिवादपर लेखन अधिक चांगले ठरले. शिक्षकांचे प्रशिक्षण थेट मुलांच्या कामगिरीत दिसणे ही शिक्षणक्षेत्रात विरळा गोष्ट आहे. तिथे प्रशिक्षण दोन दिवसांत गुंडाळले नव्हते, हेही लक्षात ठेवावे.

आता आपल्याकडे पाहू. शालान्त परीक्षेच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असा त्याचा विस्तार आहे. 2018-19पासूनचा हा बदल चांगल्या हेतूने झाला आणि मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहिता यावे हाच त्याचा उद्देश होता. पण कृतिपत्रिका बदलली तरी ती शिकवण्याची तयारी बदलली नाही, आणि मधली जागा नवनीत-गाईडांनी भरून काढली. आज ‘मी शाळा बोलतेय’ हे आत्मकथन एका वर्गातल्या चाळीस वह्यांत जवळपास सारखेच सापडते.

खरे तर लिहिता शिक्षक ही आपल्याला परकी कल्पना नाही. 1920च्या दशकात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. गुरुजी रोज लिहितात, हे मुलांना दिसत होते. कोल्हापुरात 1985 साली लीलाताई पाटील यांनी सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयातही मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला मानाचे स्थान राहिले. आजही जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत वर्षाअखेरीस मुलांची हस्तलिखिते निघतात. कमतरता आहे ती अशा शिक्षकांना एकत्र आणून, त्यांचे कसब शेजारच्या केंद्रातल्या शाळांपर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेची.

दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला सुट्टीचा. निवडणुका, सर्वेक्षणे आणि नाना ऑनलाइन नोंदी यांतून शिक्षकाला उसंत मिळते ती मे महिन्यातच. तीही सक्तीने घेतली, तर लेखनाविषयी आस्था निर्माण होण्याऐवजी तिटकाराच वाटेल. म्हणून हे प्रशिक्षण सक्तीचे नसावे. अर्ज मागवावेत, निवड करावी, मानधन द्यावे आणि बदल्यात अर्जित रजा मिळावी. बर्कलीतही शिक्षकांना निवडून, सन्मानाने बोलावले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास त्यात धरले, तर शिक्षकांवर वेगळा बोजा पडणार नाही.

दुसरा आक्षेप वर्गातल्या संख्येचा. साठ मुलांचा वर्ग असेल आणि एका वहीला पाच मिनिटे दिली, तरी एका निबंधाला पाच तास जातात. प्रत्येक वही प्रत्येक वेळी शिक्षकानेच तपासायची, हा आग्रह सोडावा लागेल. मुलांनी चौघाचौघांत एकमेकांचे खर्डे ऐकावेत आणि प्रश्न विचारावेत. शिक्षकाने आठवड्याला दहा-बारा मुलांशीच सविस्तर बोलावे. असे गट कसे बसवायचे, त्यांत गोंगाट आणि चेष्टा कशी टाळायची, हे उन्हाळी वर्गात स्वतः गटात बसूनच कळते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनीही प्रत्येक पानावर लाल शाई शोधू नये. ती सवय मोडल्याशिवाय शिक्षकाला मोकळीक मिळणार नाही.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने येत्या उन्हाळ्यासाठी काही मोजक्या जिल्ह्यांत हा प्रयोग हाती घ्यावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत (डाएट) वीस-पंचवीस शिक्षक, किमान तीन आठवडे आणि सोबत जवळच्या महाविद्यालयातला मराठीचा विभाग, एवढी सामग्री पुरेशी आहे. मराठीबरोबर उर्दू, गोंडी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना त्यात आवर्जून जागा असावी, कारण घरची भाषा आणि कागदावरची भाषा यांतली दरी त्यांच्या वर्गात सर्वांत रुंद असते. समारोपाला अहवालाऐवजी प्रत्येकाचे स्वतःचे लेखन घ्यावे. त्याचा संग्रह छापावा आणि हे शिक्षक वर्षभर केंद्रांच्या शिक्षण परिषदांत पाठ घेतील, अशी तरतूद आधीच करून ठेवावी.

शासन निर्णय निघेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे, की जूनमध्ये वर्गाला जो पहिला विषय द्यायचा आहे, त्यावर या सुट्टीत स्वतः पानभर लिहावे आणि ते पान दोन-तीन सहकाऱ्यांना वाचून दाखवावे. शाळा सुरू झाल्यावर ते खाडाखोडीसह मुलांनाही दाखवावे.