दुःख वाचण्याची वेळ

या पंधरवड्यात माझ्या उशाशी तीन कादंबऱ्या आहेत आणि तिन्ही दुःखाच्या आहेत. घरातल्या माणसांना याचे नवल वाटते. दिवसभराची दगदग काय कमी असते, म्हणून रात्री विकतचे रडू हवे, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे, आणि कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात तर तो टाळून पुढे जाताच येणार नाही. काळीज पिळवटणारी कथा वाचून मन हलके होते की अधिकच जड होते? आणि ज्याच्या घरात नुकताच आघात झाला आहे, त्याने ती वाचावी का?

पहिल्या प्रश्नावर थोडे संशोधन झालेले आहे. आड व्हिंगरहूट्स या डच मानसशास्त्रज्ञांनी मानवी अश्रूंचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या सहभागाने झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. साठ जणांवरच्या या प्रयोगासाठी ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ आणि ‘हाचि’ हे करुण चित्रपट निवडले होते. जे प्रेक्षक रडले, त्यांची मनःस्थिती चित्रपट संपताच खालावलेली आढळली. वीस मिनिटांनी ती पूर्वपदावर आली आणि दीड तासाने तर चित्रपटापूर्वी होती त्याहून बरी झाली. जे रडले नाहीत, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, चित्रपटांवरचा आहे, तेव्हा पुस्तकांना तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. तरीही त्यातला तो दीड तास मला मोलाचा वाटतो. पुस्तक मिटताक्षणी काय वाटते यावरून त्याची पारख करू नये. पाणी पिऊन, गॅलरीत एक फेरी मारून, दुसऱ्या कामाला हात घातल्यावर काय वाटते ते पाहावे.

(कथा-कादंबऱ्या वाचल्याने माणूस अधिक सहृदय होतो, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये तसा एक निबंध आला आणि फार गाजला, पुढे इतर संशोधकांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. त्यामुळे तो प्रचार या सदरातून होणार नाही.)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला प्रयोगशाळेपेक्षा आपल्या काव्यशास्त्रात अधिक नेमके सापडते. भरताच्या नाट्यशास्त्राने शोक आणि करुण या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. शोक हा स्थायीभाव, तो कोणालाही होतो आणि पोळतो. करुण हा रस, तो आस्वादता येतो. एकाचे दुसऱ्यात रूपांतर व्हायचे तर ते दुःख ‘माझे’ही राहता कामा नये आणि ‘त्याचे’ही, ते सर्वांचे व्हावे लागते. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सांध्यावर काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी तर रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांतले एक आहे ‘निजसुखादिविवशीभाव’. म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका बुडालेला असणे की समोरच्या नाट्यात त्याला शिरताच येऊ नये. हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या कोणत्याही समुपदेशकाने आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावे असे आहे.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा एका हितचिंतकांनी मृत्यूवरची एक नावाजलेली कादंबरी मला आणून दिली. हेतू चांगला होता. दहा पाने वाचली आणि पुस्तक कपाटात गेले. त्यातला मृत्यू माझ्या मृत्यूशी झोंबत होता. एकाही वाक्याला स्वतःचा अर्थ उरत नव्हता. ते वर्ष मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर काढले. झुंजारने आणि काळ्या पहाडाने मला रात्री दोन-दोन तास सांभाळले, आणि या उपकाराबद्दल मराठी समीक्षेने त्यांना आजवर पुरेसे धन्यवाद दिलेले नाहीत.

मॅगी ओ’फॅरेल यांची ‘हॅम्नेट’ ही २०२० सालची कादंबरी त्यानंतर पुष्कळ काळाने वाचली; सध्या ती दुसऱ्यांदा वाचतो आहे. शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट १५९६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी वारला. तो कशाने गेला हे इतिहासाला ठाऊक नाही. कादंबरीने प्लेगची साथ कल्पिली आहे. नाटककार बापाचे नाव संपूर्ण पुस्तकात एकदाही येत नाही, कारण हे पुस्तक त्याचे नाहीच. ते आईचे आहे, आणि हॅम्नेटच्या जुळ्या बहिणीचे. नवरा गेलेल्या बाईला नाव आहे, आईबाप गेलेल्या मुलाला नाव आहे. जुळा भाऊ गेलेल्या मला काय म्हणायचे, असे ती मुलगी आईला विचारते. आईजवळ उत्तर नसते. आपल्या भाषेतही विधवा आहे, विधुर आहे, पोरका आहे. भाऊ गेलेल्या माणसासाठी मात्र शब्द नाही. पहिल्या वाचनात या जागी मी बराच वेळ थांबलो. या वेळी अश्रू आले आणि गेले, आणि मग स्वच्छ झोप लागली. हेच पुस्तक त्या पहिल्या वर्षात हाती पडते, तर तेही त्या दुसऱ्या कादंबरीशेजारी कपाटातच जाऊन पडले असते.

दुसरे पुस्तक जेरी पिंटो यांचे ‘एम अँड द बिग हूम’. २०१२ साली ते इंग्रजीत आले आणि शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने ते मराठीत आणले. मनोविकाराने ग्रासलेले माणूस ज्या घरात आहे, त्या घराला एकच कादंबरी सुचवायची असेल तर मी हीच सुचवीन. माहीममधले एक छोटेसे घर, गोव्याकडचे ख्रिस्ती कुटुंब, आई, वडील, मुलगी आणि कथा सांगणारा मुलगा. आईचे मन कधी आभाळाला भिडते, कधी खोल विहिरीत उतरते. मरण जवळ करण्याचे तिचे प्रयत्न आणि इस्पितळाच्या वाऱ्या हा या घराचा ऋतुक्रमच आहे. पण आई नुसती ‘रुग्ण’ नाही. ती बिड्या ओढते, चहावर चहा पिते, मुलांशी वाह्यात विनोद करते, आणि वाचणारा रडण्याआधी खो-खो हसतो. शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनात जे चालते, ते सहसा कोणी बोलत नाही: थकवा, राग, तिच्यापासून सुटका हवी असे वाटणे आणि तसे वाटल्याची शरम. शिवाय मुलाच्या पोटातली ती भीती, की हे आईकडून आपल्यातही आले असेल तर? हे सारे या पुस्तकात उच्चारले जाते. वडील मात्र फारसे बोलत नाहीत, ते नुसते असतात. रोज असतात. एवढ्या साध्या गोष्टीला मी तरी दुसऱ्या कोणत्या पुस्तकात इतके वजन आलेले पाहिलेले नाही.

तिसरे, गीतांजली श्री यांचे ‘रेत समाधि’, मूळ हिंदीतून सावकाश चालले आहे. पतीच्या निधनानंतर भिंतीकडे तोंड करून पडलेली ऐंशी वर्षांची आई आणि तिला उठवू पाहणारे घर. पहिल्या भागाचे नावच ‘पीठ’, म्हणजे पाठ. आपल्याकडे वृद्धांच्या खिन्नतेला ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून सोडून देण्याची रीत आहे; ती पाठ शंभर पाने पाहिल्यावर ही रीत पाळणे जड जाते. भाषेचा खेळ कुठेकुठे फार लांबतो, हेही सांगून टाकतो.

आता एका पुस्तकाविषयी सावधगिरीचे दोन शब्द. हान्या यानागिहारा यांची ‘अ लिटल लाइफ’ ही २०१५ सालची सातशेहून अधिक पानांची कादंबरी आपल्याकडील महाविद्यालयीन मुलामुलींच्या हाती सर्रास दिसते. रडत रडत पुस्तक दाखवणाऱ्या चित्रफितींनी तिला नव्याने प्रसिद्धी दिली. बालवयातील लैंगिक अत्याचार, स्वतःला इजा करून घेणे, आत्महत्या हे सारे तिच्यात पुन्हा पुन्हा आणि तपशिलाने येते. लेखिकेचे सामर्थ्य मी नाकारत नाही; पण दुःखाचा डोस वाढवत नेण्याची ही रीत मला मानवत नाही, आणि ज्याचे मन आधीच काठावर आहे अशाने ती एकट्याने, रात्री, सलग वाचू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ग्योथेच्या ‘वेर्थर’मधील प्रेमभंग झालेला तरुण स्वतःचा जीव घेतो, १७७४ साली ती प्रसिद्ध झाली आणि अनुकरणाच्या धास्तीने पुढच्याच वर्षी लाइपझिग शहराने तिच्यावर बंदी घातली.

बंदी हा उपाय मात्र घरात उपयोगाचा नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हातून पुस्तक हिसकावले तर ती तेच मोबाइलवर वाचेल आणि आपल्याशी बोलणे तेवढे बंद करील. त्यापेक्षा तेच पुस्तक आपण वाचायला घ्यावे आणि जेवताना सहज विचारावे की तुला यातला कोण आवडला. ती कोणाविषयी बोलते आणि कोणाविषयी बोलायचे टाळते, यातून पुष्कळ कळते. झोप उडाली, जेवण तुटले, ‘त्याच्यासारखेच माझे’ अशी भाषा ऐकू येऊ लागली, तर पुस्तकाची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टर गाठावेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

रडण्यालाही सोबत लागते. जवळ कोणी धीर देणारे असेल तर रडून बरे वाटते, लपून-लाजून रडावे लागले तर तितके वाटत नाही, हे अश्रूंच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली, आणि पुढे कित्येक घरांत ती दिवेलागणीनंतर मोठ्याने वाचली गेली. वाचणाऱ्याचा गळा दाटला की पुस्तक पुढच्याच्या हातात जाई. त्या पुस्तकावर भाबडेपणाचे आक्षेप पुष्कळ आले, त्यांत तथ्यही आहे. पण ते एकट्याने कोपऱ्यात रडण्याचे पुस्तक नव्हते, ही गोष्ट आक्षेपकांच्या ध्यानात आली नाही.

पुढच्या महिन्यासाठी दोन पुस्तके आणून ठेवली आहेत. किरण देसाई यांची ‘द लोनलिनेस ऑफ सोनिया अँड सनी’ जवळजवळ वीस वर्षांच्या अंतराने आलेली; नावातच एकाकीपण आहे, आणि परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी ती वाचावी असे आताच वाटू लागले आहे. दुसरे बानू मुश्ताक यांच्या बारा कन्नड कथांचे दीपा भास्ती यांनी केलेले इंग्रजी भाषांतर, ‘हार्ट लॅम्प’, ज्याला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. शीर्षककथेचे मूळ नाव ‘एदेय हणते’, म्हणजे उरातली पणती. त्या कथेत एक बाई स्वतःला पेटवून घ्यायला निघते आणि तिची मुलगी तिला अडवते, एवढे आधीच सांगून ठेवतो. हा संग्रह मी दिवसाउजेडी, एका वेळी एकच कथा, अशा बेताने वाचणार आहे. तुमच्या घरी अर्धवट वाचून बाजूला ठेवलेले एखादे पुस्तक असेल, तर ते कोणते आणि कोणत्या पानावर मिटले, हे मला अवश्य लिहून कळवा.